वाहता कान आणि हरवलेला शब्द

वार्षिकाच्या संपादक मंडळाने यंदा आमच्याकडे लेख मागितला, तेव्हा नेहमीप्रमाणे एखाद्या म्हणीच्या जन्मकथेवर चार पाने लिहून द्यावीत असे आम्ही मनाशी धरले होते. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. मराठी आणि इतिहास हे आमचे विषय. शरीरशास्त्राशी आमचा संबंध प्रयोगशाळेतील दात विचकून उभ्या असलेल्या सांगाड्यापुरता, आणि तोही स्नेहसंमेलनातील नाटकासाठी त्याला एक रात्र उसना मागण्यापुरता. अशा माणसाने मेंदूतील गळवाविषयी लिहावे हा अव्यापारेषु व्यापार होय, हे आम्ही जाणतो. तरीही लिहीत आहोत. कारण गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात हा विषय आमच्या वर्गात, आमच्या डोळ्यांसमोर, शेवटच्या बाकावर येऊन बसला होता आणि आम्ही त्याला ओळखले नाही. ज्या मुलाची ही हकीकत आहे त्याच्या आईवडिलांनी ती लिहिण्यास संमती दिली आहे. नाव तेवढे घालू नका, असे ते म्हणाले. ते आम्ही घातलेले नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांनीही ते मनातच ठेवावे.

पावसाळ्यात आमच्या वर्गाच्या खिडक्या बहुधा बंद असतात. ओले गणवेश, ओले मोजे, कोपऱ्यात उभ्या केलेल्या छत्र्या यांचा एक संमिश्र वास वर्गभर कोंदलेला असतो आणि त्याची आम्हा सर्वांना सवय असते. परंतु नववीच्या दुसऱ्या बाकाभोवती येणारा वास निराळा होता. काहीतरी कुजत असावे असा. शेजारच्या मुलांनी तक्रार केली, तेव्हा आम्ही चौकशी केली. वास त्या मुलाच्या डाव्या कानाचा होता. कानात कापसाचा बोळा असे आणि तो पिवळट झालेला असे. आईला बोलावून घेतले. ती बिचारी पदर सावरीत दाराशीच उभी राहिली आणि म्हणाली, “मास्तर, ताचो कान ल्हानपणासावन व्हांवता. आमी तेल घालतात.” आमची मातृभाषाही कोंकणीच, आमच्या घरीही आजी खोबरेलात लसणीची पाकळी तळून ते कोमट तेल नातवंडांच्या कानांत सोडीत असे. तिचे उत्तर आम्हाला ओळखीचे वाटले, आणि जे ओळखीचे वाटते ते माणूस अधिक तपाशीत नाही. एकदा डॉक्टरांना दाखवा, असे आम्ही तिला सांगितले. कोणत्या डॉक्टरांना, केव्हा, दाखवले की नाही, हे आम्ही पुन्हा विचारले नाही. मुलाला मात्र आम्ही दुसऱ्या दिवशी शेवटच्या बाकावर, खिडकीपाशी बसवले. कठोर शब्द वापरला नाही. अगदी सौजन्याने बसवले. त्या सौजन्याचीच आज अधिक लाज वाटते.

पुढे महिनाभराने एक प्रसंग घडला. सामान्यनाम शिकवताना आम्ही वर्गातील वस्तूंकडे बोट दाखवून एकेकाला नाव विचारीत होतो. त्या मुलाची पाळी आली तेव्हा आमचे बोट कोपऱ्यातील छत्रीकडे गेले. तो पाहत राहिला. मग म्हणाला, “पावसात डोक्यावर धरतात ते.” आम्ही म्हटले, “ते ठीक. पण त्याला म्हणतात काय?” तो पुन्हा म्हणाला, “पाऊस आला की उघडतात ते.” आम्हाला वाटले, मराठी शब्द आठवत नसेल, घरी कोंकणी बोलणाऱ्या मुलांचे असे होते, आमचेही लहानपणी होई. म्हणून आम्ही म्हटले, “बरे, कोंकणीत सांग.” सत्री हा शब्द आमच्याकडे तीन वर्षांच्या पोरालाही येतो. त्याला तोही आला नाही. ओठ हलले, हातांनी छत्री उघडून दाखवली, पण शब्द उमटला नाही. वर्ग हसला. आणि आम्हीही हसलो.

त्याच आठवड्यात त्याच्या वहीत कोणत्याच पानावर तारीख नव्हती. तारीख आम्ही फळ्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात लिहितो. बाकीचे सारे उतरवलेले, तेवढा कोपरा वगळलेला. तीन वेळा लाल शाईने ‘तारीख?’ असे लिहून आम्ही आमचे कर्तव्य बजावले. डोके दुखते म्हणून तो दोनदा घरी गेला होता. सकाळी उलटी झाली असे एकदा आईने कळवले. अंग किंचित कोमट. पावसाळी ताप असेल, असे सर्वांनीच म्हटले. मग एका सकाळी प्रार्थनेच्या वेळी त्याचा उजवा हात आपोआप उडू लागला, तोंड एका बाजूला ओढले गेले आणि तो खाली कोसळला. आकडी होती. कोणी कांदा फोडा म्हणाले, कोणी चप्पल हुंगवा म्हणाले. शारीरिक शिक्षणाच्या आमच्या सहकाऱ्यांनी मात्र गर्दी हटवून त्याला कुशीवर वळवले आणि १०८ क्रमांकाला फोन केला. शहाणपण कधी कोणत्या विषयाच्या शिक्षकाकडे निघेल ते सांगता येत नाही.

बांबोळीच्या इस्पितळात आम्ही त्याच्या वडिलांबरोबर बसलो होतो. सीटी स्कॅन झाला. शिरेतून औषध टोचून काढलेल्या त्या चित्रात, डाव्या कानाच्या नेमके वर, चंद्राला खळे पडावे तसे एक उजळ कडे दिसत होते, आत काळोख. त्या काळोखाचा व्यास सुमारे ३ सेंटीमीटर. तेथील एका तरुण डॉक्टरांनी वडिलांना कोंकणीतून समजावले, ते आम्ही येथे आमच्या भाषेत देतो.

कानाच्या पडद्यामागे एक चिमुकली पोकळी आहे. तिचे छप्पर म्हणजे हाडाचा एक अत्यंत पातळ पापुद्रा, आणि त्या पापुद्र्यावरच मेंदूचा कानशिलाकडील भाग टेकलेला असतो. कानामागे जे टणक हाड हाताला लागते तेही आतून भरीव नसून पोळ्यासारखे पोकळ्यांचे बनलेले असते, आणि त्याच्यापलीकडे लहान मेंदू असतो. म्हणजे ज्याला आपण ‘नुसता कान’ म्हणतो, तो मेंदूच्या माजघराला लागून असलेला ओटा आहे. कान वाहण्याचे दोन प्रकार असतात. एकात पडद्याला मध्यभागी भोक असते, सर्दी झाली की पुष्कळ पातळ स्राव येतो, त्याला फारसा वास नसतो. याने ऐकू कमी येते, पण जिवाला सहसा धोका नसतो. दुसऱ्यात पडद्याचा वरचा कोपरा आत ओढला जातो, त्या खळग्यात कातडीचे कण साठत जाऊन त्यांचा एक गोळा तयार होतो आणि तो आजूबाजूचे हाड हळूहळू कुरतडीत जातो. डॉक्टर त्याला कोलेस्टिअटोमा म्हणतात. यात स्राव थोडाच येतो, परंतु त्याला कुजका वास असतो. कारण तेथे वाढणाऱ्या जंतूंत हवेचे वावडे असलेले जंतूही असतात, आणि कुजवणे हा त्यांचा स्वभाव आहे.

आम्ही तेथेच थांबलो. ज्या वासासाठी आम्ही मुलाला शेवटच्या बाकावर पाठवले तो वास म्हणजे रोगाने स्वतः दिलेली वर्दी होती. चाळीस नाकांनी ती ऐकली होती.

शब्द का हरवले, हेही त्यांनीच सांगितले. बहुतेक माणसांची भाषा मेंदूच्या डाव्या अर्ध्यात राहते, आणि डाव्या कानशिलाकडील भागाला इजा झाली की माणसाला वस्तू ओळखता येते, तिचा उपयोग सांगता येतो, पण नाव मात्र सापडत नाही. मराठी आणि कोंकणी असा भेद तो रोग करीत नाही. त्याच भागातून दृष्टीच्या काही तंतूंची वाट जाते. ते दाबले गेले की समोरच्या देखाव्याचा वरचा उजवा कोपरा दिसेनासा होतो. फळ्यावरील तारीख आम्हाला आठवली. ताप, डोकेदुखी आणि एखाद्या अवयवाचा वा वाणीचा बिघाड ही तिन्ही लक्षणे एकत्र पाचांतील एखाद्याच रुग्णात आढळतात, असे म्हणून त्यांनी आमचे सांत्वन केले. परंतु आमच्या वर्गात ती तिन्ही होती, त्याला आम्ही काय करावे?

आम्ही इतिहास शिकवतो असे कळल्यावर त्या डॉक्टरांनी आम्हाला एक जुनी गोष्ट सांगितली. पुढे आम्ही ती वाचूनही काढली. १८७६ साली स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात विल्यम मॅकइवेन नावाचा, तिशीही न गाठलेला एक शस्त्रवैद्य होता. जखमा जंतुरहित ठेवण्याचा मार्ग ज्यांनी दाखवला त्या लिस्टरांचा हा शिष्य. त्याच्याकडे शाळकरी वयाचा एक मुलगा आला. डोक्याला डाव्या बाजूस पूर्वी इजा झालेली. पुढे ताप, उजव्या अंगाला झटके आणि वाचा गेलेली. बोलण्याची क्रिया मेंदूच्या डाव्या पुढील भागातील एका जागेशी निगडित आहे, असे फ्रान्समधील ब्रोका यांनी १८६१ साली दाखवून दिले होते. त्यावरून मॅकइवेनने ताडले की गळू तेथेच असले पाहिजे. कवटी उघडून पू काढू द्या, असे त्याने सांगितले. संमती मिळाली नाही. मुलगा गेला. त्यानंतर मॅकइवेनने मृत देहावर, जिवंतपणी करू इच्छिलेली तीच शस्त्रक्रिया केली आणि पू त्याने सांगितलेल्या जागीच सापडला. त्या काळी ना क्ष-किरण होते, ना स्कॅन, ना प्रतिजैविके. केवळ एका मुलाचे हरवलेले शब्द ऐकून त्याने जागा ओळखली होती. आम्ही छत्रीपाशी जे ऐकले तेच त्यानेही ऐकले होते.

मॅकइवेन खचला नाही. कानामागील हाडाचा त्याने इतका बारीक अभ्यास केला की तेथील एका त्रिकोणाला आजही शस्त्रवैद्य त्याचेच नाव देतात. १८९३ साली त्याने मेंदूतील पूयुक्त रोगांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने शस्त्रक्रिया केलेल्या मेंदूच्या गळवांच्या १९ रुग्णांपैकी १८ बरे झाल्याची नोंद आहे. ही संख्या वाचून आजचे डॉक्टरही मान डोलावतात; पुढे कित्येक दशके इतरांच्या हातून तसे यश आले नाही. १९७१ साली हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने लंडनजवळ पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे सीटी चित्र काढले, त्यापूर्वी या रोगाने शंभरांतील चाळीसएक माणसे दगावत. आता ते प्रमाण दहाच्या आसपास आले आहे. दहा हीदेखील थोडी संख्या नव्हे. इस्पितळातील त्या पहिल्या रात्री ती आम्हाला फार मोठी वाटली.

गळू म्हणजे काय, हे पायाला काटा मोडलेल्या कोणालाही ठाऊक आहे. मेंदूतही घडते तेच. प्रथम काही दिवस तेथील भाग नुसता सुजतो. मग मधला भाग विरघळून त्याचा पू होतो. आणि दोन आठवड्यांच्या सुमारास शरीर त्याभोवती एक तट बांधते. हा तट रोगाला पसरू देत नाही हे खरे, परंतु औषधालाही तो आत सहज शिरू देत नाही. शिवाय मेंदूला मुळातच एक पहारा असतो; रक्तातील पुष्कळशी द्रव्ये तो आत सोडीत नाही. त्यात कवटी ही हाडाची पेटी. पायाचे गळू बाहेर फुगते, मेंदूच्या गळवाला फुगायला जागा नाही, म्हणून ते मेंदूलाच दाबते. सकाळची उलटी आणि डोकेदुखी ही त्या दाबाची. पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासण्याची जी रीत मेंदूच्या आवरणांच्या तापात उपयोगी पडते, ती येथे घातक ठरू शकते. खालून पाणी काढले तर वरचा दाब मेंदूला खाली रेटतो. वडिलांनी गावातील कोणा जाणत्याकडून ऐकून तीच तपासणी करा असा हट्ट धरला होता. डॉक्टरांनी न रागावता हे कारण सांगितले, म्हणून आम्हीही येथे सांगितले.

गळू लहान असले, अडीच सेंटीमीटरांच्या आत, किंवा तट बांधला जाण्यापूर्वीच सापडले, तर कधी कधी नुसत्या औषधावर भागते. आमच्या विद्यार्थ्याचे त्याहून मोठे होते. कवटीला नाण्याहून लहान असे एक भोक पाडून, स्कॅनच्या आधाराने सुई नेमकी आत नेऊन त्यांनी पू ओढून घेतला. मोजून तीन चमचे. एवढ्याशा पुवाने एका मुलाची भाषा अडवून धरली होती! तो पू तपासणीस गेला. कोणते जंतू आहेत आणि कोणते औषध त्यांना मारते, हे त्यावरूनच ठरते. कानातून आलेल्या गळवात बहुधा एक नव्हे तर अनेक जातींचे जंतू नांदतात, म्हणून औषधेही एकाहून अधिक लागतात. हवेचे वावडे असलेल्यांसाठी मेट्रोनिडाझोल, आणि इतरांसाठी सेफॅलोस्पोरिन वर्गातील औषध, तेही मोठ्या मात्रेत, शिरेवाटे, सहा आठवडे. आकडी पुन्हा येऊ नये म्हणून वेगळ्या गोळ्या. मधूनमधून पुन्हा स्कॅन. सहा आठवडे म्हणजे श्रावण गेला, चवथ गेली. वडिलांनी घरी गणपती आणला तो दीड दिवसाचाच, आणि विसर्जन करून ते ओल्या कपड्यांनी बसमध्ये बसले.

येथे एक खुलासा केला पाहिजे, नाहीतर उद्या अर्धी शाळा कान धरून इस्पितळाच्या दारात उभी राहील. हा रोग दुर्मिळ आहे. दर लाख माणसांमागे वर्षाकाठी सुमारे एक, किंवा त्याहूनही कमी. आणि कान हे त्याचे एकच दार नव्हे. कपाळातील नाकाशी जोडलेल्या पोकळ्यांतील पू मागे सरकून मेंदूच्या पुढच्या भागात जातो, आणि हे वाढत्या वयाच्या मुलांत अधिक दिसते. अशा वेळी कपाळावर मऊ सूज येणे ही धोक्याची खूण. किडलेल्या दाताच्या मुळाशी साचलेला पूही जंतू पाठवतो. फुप्फुसात गळू असले, किंवा हृदयाच्या झडपांना जंतूंची बाधा झाली, तर रक्तावाटे ते वर जातात. जन्मतः हृदयात दोष असून ज्यांचे ओठ व नखे निळसर दिसतात, अशा बालकांत काही रक्त फुप्फुसांच्या गाळणीतून न जाताच पुढे जाते, म्हणून त्यांना हे भय अधिक. कवटी फुटून झालेली जखम हेही एक कारण. आणि पुष्कळदा दार सापडतच नाही.

पू काढल्यानंतर दुसऱ्या आठवड्यात आम्ही भेटीस गेलो. बाहेर कोसळत होता. आम्ही आमची छत्री खाटेच्या लोखंडी दांडीला अडकवली. मुद्दाम नव्हे, ठेवायला दुसरी जागा नव्हती. मुलाने तिच्याकडे बराच वेळ पाहिले. तिच्या टोकातून फरशीवर पाणी गळत होते. मग तो आईकडे पाहून हळूच म्हणाला, “सत्री.” आई रडू लागली. आम्हाला वाटले, आता मराठी शब्दही विचारावा. शिक्षकाची खोड जात नाही. पण विचारला नाही. तो त्याने चार दिवसांनी आपण होऊन सांगितला, असे आईने पुढे कळवले. आमचेच नाव मात्र त्याला आणखी पंधरा दिवस आठवले नाही. तोपर्यंत आम्ही ‘शिकवतात ते’ होतो.

गळू गेले तरी कानातील तो कुरतडणारा गोळा होताच. तो राहिला असता तर सारे पुन्हा घडले असते. दिवाळीनंतर कानामागून हाड उघडून कानाच्या शस्त्रवैद्यांनी तो काढला. त्या कानाने त्याला आता फार थोडे ऐकू येते, आणि ते परत येण्याची आशा डॉक्टरांनी दिलेली नाही. आकडीच्या गोळ्या अजून चालू आहेत. पोहायला जायचे नाही, झाडावर चढायचे नाही, असे त्याला बजावलेले आहे. नदीकाठच्या मुलाला हे किती जड जाते ते आम्ही पाहतो. एखादे नाव अजूनही कधी अडते, विशेषतः दमला असला की. तेव्हा वर्ग थांबतो. कोणी पुरवीत नाही. त्याने स्वतःच शोधावे, असे मुलांनीच आपापसांत ठरवले आहे.

त्याच्या आईने आता कानात तेल घालणे सोडले आहे, आणि वाडीतील इतर बायांनाही ती ते सोडायला लावते. पडदा फाटलेल्या कानात काहीही ओतू नये, हे तिला कानाच्या डॉक्टरांनी सांगितले. आमच्या आजीविषयी आम्ही तिच्यापाशी बोललो नाही.

तो सध्या दहावीत आहे. पहिल्या बाकावर, आमच्या उजव्या हाताला, अगदी भिंतीपाशी बसतो. म्हणजे त्याचा चांगला कान आमच्याकडे राहतो. ती जागा त्यानेच निवडली. गेल्या सोमवारी त्याची वही तपासताना पाहिले: पानाच्या कोपऱ्यात तारीख होती, आणि आम्ही त्या दिवशी फळ्यावर चुकून आदल्या दिवसाची लिहिली होती ती त्याने पेन्सिलीने खोडून बरोबर केलेली होती.